हिरव्या जनरेटरचं पॅकिंग

साडूनं लष्कराच्या लिलावात जनरेटर घेतल्याचं मिस्त्रीला जेवताना कळलं. घास तोंडात असताना हसल्यामुळे त्याला असा ठसका लागला, की बायकोला उठून त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले.

"त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?" बायको म्हणाली. जनरेटर घेणारा तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, तेव्हा तिला थोडं लागणारच.

"अगं, सैन्यानं टाकून दिलेली वस्तू म्हणजे काय असते ठाऊक आहे? त्यांच्याकडे मिस्त्री फुकट, डिझेल फुकट, धक्का मारायला माणसं फुकट. एवढं असून ज्यांना ते धूड पोसवेना, ते आमच्या मेजरनं वाजतगाजत घरी आणलं!"

मेजर हे नाव मिस्त्रीनंच ठेवलेलं. साडू पोस्टात टपालावर शिक्के मारायचा. तरुणपणी सैन्यात जायची फार हौस होती, पण तळपाय सपाट म्हणून भरतीत नाकारला गेला. हौस काही गेली नाही. सैन्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून आणलेले जाड बूट, सतराशे साठ खिशांची पँट, खांद्याला कॅनव्हासची पिशवी, असा नटून हा गृहस्थ पोस्टाची तिकिटं विकायला बसायचा. घरातल्या एका समारंभात मिस्त्रीनं सगळ्यांदेखत त्याला कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाला, "मेजरसाहेब, शत्रू कुठवर आला?" सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून नाव चिकटलं. मुलंबाळं मेजरकाका म्हणू लागली, आणि पुढे पुढे धाकटीसुद्धा चिडली की नवऱ्याला मेजर म्हणायची. साडू बिचारा हसायचा. मिस्त्रीला वाटायचं, ह्याला कळत नाही म्हणून हसतो.

घर चालायचं ते धाकटीच्या जिवावर. मागच्या अंगणातल्या खोलीत तिनं अंडी उबवायची दोन यंत्रं बसवली होती. कोंबड्या पाळणाऱ्यांना पिल्लं पुरवायची आणि पोस्टातल्या पगाराला लाजवेल इतकं कमवायची. पण यंत्रांना वीज लागते, आणि वीज ही बाई त्या भागात मन मानेल तशी ये-जा करायची. आधीची एक खेप तशीच गेली. वीज परत आली तेव्हा ट्रेमधली अंडी दगडासारखी गार पडली होती. धाकटी त्या दिवशी जेवली नव्हती, आणि नवऱ्याला म्हणाली होती, "अजून एकदा असं झालं तर मी यंत्रं भंगारात घालीन आणि माहेरी जाऊन बसेन." म्हणून मग जनरेटर, आणि तोही लष्करी.

आणि तो गळत होता. गळत कसला, घामाघूम होत होता.

धाकटीचा फोन आला तसा मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन गेला. शेडचं दार उघडून त्यानं जनरेटरकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. शेवाळासारखा हिरवा रंग, अंगावर पांढरे आकडे छापलेले, चारी बाजूंना उचलायची कडी, आणि वरपासून खालपर्यंत काळ्या तेलाचे ओघळ. जिथे जिथे दोन भाग जोडले होते तिथे तिथे लाल सिलिकॉन थापलेलं. केक सजवावा तसं.

"हे कुणी केलं?" मिस्त्रीनं विचारलं. उत्तर ठाऊक होतंच, पण ऐकायची मजा वेगळी.

"मी," साडू म्हणाला. "दुकानदार म्हणाला, कसलीही गळती थांबते."

"थांबते ना. बादलीची थांबते, न्हाणीघराची थांबते. अहो साडूबुवा, इंजिनाच्या आत ऑइल उसळ्या मारत असतं. बाहेरून मलम लावून थांबतं का ते? पोट बिघडलं म्हणून पोटावर चिकटपट्टी लावता का तुम्ही?"

दारात उभी असलेली धाकटी फिस्सकन हसली. साडूही हसला.

"दादा, लष्करी वस्तू आहे, दणकट आहे," तो म्हणाला. "नुसतं वरचं पॅकिंग बदललं की..."

"अकलेचे तारे नंतर तोडा. आधी तो दिवा जरा इकडे धरा. तेवढं जमेल ना?"

काम तसं अवघड नव्हतं. डिझेलच्या नळ्यांचे तांब्याचे वायसर थकले होते, ते बदलले. खाली ऑइलच्या चेंबरचं पॅकिंग ठीक होतं. खरी गळती वरून होती, टॅपेट कव्हरखालून. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं झाकण असतं ते टॅपेट कव्हर. झाकण आणि डोकं यांच्यामध्ये बुचाचं पॅकिंग. ते वाळून पापडासारखं झालं होतं, आणि तिथून निघालेलं ऑइल थेट खालच्या तापलेल्या धुराड्यावर पडत होतं. धूर व्हायचा तो त्याचाच. चुकून भडकलं असतं तर शेडसकट सगळं गेलं असतं, आणि शेडला लागून अंड्यांची खोली.

असलं पॅकिंग बाजारात मिळायची सोय नव्हती. मिस्त्रीनं बुचाची शीट झाकणावर अंथरली आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं टकटक ठोकत नेमका आकार कापून काढला. ठोकता ठोकता तोंड चालूच होतं. सैन्याला शिव्या, लिलाववाल्याला शिव्या, ज्यानं मागच्या वेळी हे झाकण बसवलं त्याच्या खानदानाचा उद्धार. पॅकिंग बसवलं, झाकण ठेवलं, आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले.

"किती आवळायचं ते कसं कळतं?" साडूनं विचारलं.

"हाताला कळतं. ज्यांच्या हाताला कळत नाही त्यांनी शिक्के मारावेत."

जनरेटर चालू झाला. थेंब नाही. धाकटीनं चहा केला, भाऊजी भाऊजी करत मिस्त्रीचं कौतुक केलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "बघितलंत? आठवडाभर तुम्ही लाल लाल फासत बसला होतात." मिस्त्री खूश होऊन घरी गेला आणि बायकोला सगळी हकिकत नकला करून सांगितली.

चार-सहा दिवसांत पुन्हा फोन. पुन्हा गळतंय, आधीपेक्षा जास्त.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं लावलेलं पॅकिंग गळतं? ट्रक घेऊन लोक लांबून लांबून त्याच्या गॅरेजमध्ये येतात ते काय उगाच? तो गेला, झाकण उघडलं, आणि बघतो तर बुचाचं पॅकिंग चेंगरून बाहेर आलेलं. कडेनं ओठ काढल्यासारखं. दोन ठिकाणी तर चिरलेलं.

असं एकाच कारणानं होतं. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले की बूच दबून दबून फाटतं, आणि मग गळायला मोकळं. अडाणी माणसाची ही ठरलेली चूक. गळतंय ना, मग आवळा अजून. अजून गळतंय? अजून आवळा.

मिस्त्रीनं फाटलेलं पॅकिंग बोटांत धरून साडूच्या नाकासमोर नाचवलं.

"मेजर, हात लावलात ना?"

"नाही हो दादा."

"मग काय भुतानं आवळले बोल्ट?"

"मी शेडमध्ये आलो ते डिझेल घालायला. बोल्टला बोटसुद्धा लावलं नाही."

"अहो, लहान मुलंसुद्धा तोंडाला साखर चिकटलेली असताना खोटं बोलत नाहीत. हे बघा, पुरावा समोर आहे. वाटलं असेल, मिस्त्रीनं सैल सोडलंय, आपण जरा लष्करी पद्धतीनं ताणू. तुमच्या ह्या हातांनी इस्त्री जळाली, मिक्सर जळाला, बेल अजून दिवसभर आपोआप वाजते. आता इंजिन घेतलंत का हातात?"

साडू काही बोलणार तेवढ्यात धाकटी पुढे झाली. ती हसली नाही. तिचा आवाज असा बारीक झाला होता की मिस्त्रीलासुद्धा चमकायला झालं.

"खरं सांगा. हात लावलात?"

"नाही गं."

"भाऊजी खोटं बोलतायत?"

साडूनं मिस्त्रीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि गप्प बसला. धाकटीला तेवढं पुरलं. यंत्रात अंडी होती, त्यातली निम्मी एकाच गिऱ्हाइकाला द्यायची होती, आणि आधीचा नाश तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तिनं नवऱ्याच्या खिशातून शेडची किल्ली काढून घेतली आणि स्वतःच्या कमरेला खोचली. "तुम्ही ह्या दारातून आत यायचं नाही," ती म्हणाली. "डिझेल मी घालीन. माझ्या पोटावर पाय दिलात तरी कबूल करायची अक्कल नाही तुम्हाला. निदान खरं तरी बोलायचं होतं." साडू खाली मान घालून बाहेर गेला.

एरवी मिस्त्रीला अशा वेळी गुदगुल्या व्हायच्या. आजही झाल्या. तरी त्यानं मनात म्हटलं, हा प्राणी असा सुधारायचा नाही, किल्ली काय, चोरेल. ह्याला रंगेहाथ पकडला पाहिजे.

त्यानं नवं पॅकिंग कापलं, बसवलं, बोल्ट आवळले. मग पेटीतली पांढऱ्या रंगाची छोटी डबी काढली. गॅरेजवाल्यांची ही जुनी युक्ती. बोल्टच्या डोक्यापासून झाकणापर्यंत रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढायची. कुणी बोल्ट केसभर जरी फिरवला तरी रेघ तुटते, आणि चोर सापडतो. मिस्त्रीनं प्रत्येक बोल्टवर रेघ ओढली, आणि वर थोडी धूळ फुंकली, म्हणजे सहज दिसू नये. ह्यातलं धाकटीला काही सांगितलं नाही. सगळ्यांदेखत एकदम दाखवायचं होतं त्याला. घरी जाताना तो वाटेत एकटाच हसत होता.

वीज कंपनीनं तारा बदलायचं ठरवलं आणि दिवसभर वीज बंद राहील असं जाहीर केलं, तो दिवस नेमका अंड्यांचा शेवटचा निघाला. पिल्लं टोचा मारायला लागली होती. कवचांना बारीक भोकं पडली होती, आतून चिवचिव ऐकू येत होती. ह्या वेळी ऊब गेली तर आतली पिल्लं आतच मरतात. सकाळी वीज गेली, धाकटीनं जनरेटर चालू केला, आणि तासाभरात शेडमधून धूर यायला लागला.

"भाऊजी, लवकर या," ती फोनवर एवढंच म्हणाली. मागे पिल्लांचा आवाज येत होता.

मिस्त्री पोचला तेव्हा जनरेटर बंद करून ठेवला होता. धाकटी यंत्रांवर रजया पांघरत होती, गरम पाण्याच्या बाटल्या आत सरकवत होती. "दुपारपर्यंत तग धरतील," ती म्हणाली. तिचे केस कपाळाला चिकटले होते. साडू बाहेरच्या पायरीवर बसला होता, अंगात तीच खिशांची पँट. मिस्त्री त्याच्या शेजारून जाताना थांबला.

"आज तुमचं कोर्ट मार्शल आहे, मेजर," तो म्हणाला. "बसून राहा. हलू नका."

साडू बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला.

आत जाऊन मिस्त्रीनं बॅटरीच्या उजेडात झाकणावर फुंकर मारली, धूळ उडवली, आणि पहिला बोल्ट पाहिला. रेघ सरळ. बरं, हा सोडला असेल. दुसरा पाहिला. सरळ. तिसरा. तो वाकून, डोळा जवळ नेऊन एकेक बोल्ट पाहत गेला, आणि झाकणाला पूर्ण फेरी झाली. सगळ्या रेघा जशा ओढल्या तशा. केसभरही तुटलेली नाही. आणि झाकणाच्या कडेनं तेच, बुचाचे चेंगरलेले ओठ.

कुणी हात लावला नव्हता. शेवटचा हात मिस्त्रीचाच होता.

मग त्याला सगळं एकदम आठवलं, आणि त्याच्या पाचावर धारण बसली. गेल्या काही महिन्यांत वायसर बोटांतून निसटायचे. तो वायसरला शिव्या घालायचा. शर्टची बटणं बायको लावून द्यायची, तो म्हणायचा काज बारीक शिवलेत. दोन ट्रकवाले गळती घेऊन परत आले होते, त्यांना त्यानं, तुमच्या ड्रायव्हरनं वाट लावली, असं सांगून हाकलून दिलं होतं. ट्रकचे बोल्ट जाडजूड. जरा जास्त आवळले तरी बिचारे सोसतात. पण हे पत्र्याचं झाकण आणि हे बूच, ह्यांना बोटांची समज लागते. त्यानं एक वायसर उचलून चिमटीत धरला आणि डोळे मिटले. आहे की नाही तेच कळेना. डोळे उघडले तेव्हा वायसर बोटांत होता. घासून पाहिला, दाबून पाहिला. बोटांना कापूस गुंडाळल्यासारखं वाटत होतं. हात गेला, त्याच्या मनात आलं. ज्या हाताच्या जोरावर आपण आयुष्यभर जगाला गाढव म्हटलं तो हात गेला.

पुढे त्यानं जे केलं ते विचार करून केलं असं नाही. फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि एकेका बोल्टवरची पांढरी रेघ पुसून टाकली. घाईघाईनं पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, चोर पुसतो तशी. मान वर केली तर दारात साडू उभा.

"दादा, अंडी गार होतायत," साडू म्हणाला. त्याची नजर फडक्यावर होती, मग बोल्टवर, मग मिस्त्रीच्या तोंडावर.

"तुला आत कुणी बोलावलं?" मिस्त्री खेकसला. पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

त्यानं झाकण उघडलं, जुनं पॅकिंग खरवडून काढलं, शीट अंथरली आणि नवं कापलं. हातोडी नीट चालली, कारण तिथे डोळ्यांचं काम होतं. पॅकिंग बसवलं, झाकण ठेवलं, बोल्ट हातानं फिरवून बसवले, पाना उचलला, आणि तो थांबला. पुढे जाता येईना. बुचाची एवढीच शीट उरली होती. हे पॅकिंग फाटलं की दुसरं नाही. भिंतीपलीकडून चिवचिव येत होती, मघापेक्षा बारीक.

"इकडे ये," तो साडूला म्हणाला. "हा धर पाना."

"मी?"

"मग काय मी भिंतीला सांगतोय? धर. असा नाही, गाढवा, तलवार धरल्यासारखा काय धरतोस! टोकाला नको, मधे धर. टोकाला धरलास की जोर जास्त लागतो. हां. आता हा बोल्ट. हळू फिरव. काय लागतंय?"

"काही नाही. मोकळा आहे."

"फिरव. आता?"

"आता टेकला."

"आता जरासा. जरासा म्हणजे जरासा. काय लागतंय सांग."

साडूनं डोळे बारीक केले. "खाली मऊ लागतंय. दाबलं की परत ढकलतंय."

"बस! थांब! तिथंच थांब. आता समोरचा."

अशी वरात झाकणाभोवती फिरली. मिस्त्री शिव्या देत होता, नेहमीपेक्षा जास्त देत होता, आणि प्रत्येक शिवीनंतर कान टवकारून उत्तराची वाट पाहत होता. टेकला का? मऊ लागतंय का? ढकलतंय का? ते साडूच्या बोटांना कळत होतं. त्याला स्वतःला कळत नव्हतं, आणि ज्याला त्यानं दिवा धरायच्या लायकीचाही मानला नव्हता त्याच्या शब्दावर त्याला विसंबून राहावं लागत होतं. मिस्त्रीला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटली की त्याची जीभ आणखी सुटायची.

शेवटचा बोल्ट झाला. साडूनं पाना खाली ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, बोटांना कळत नाही ना तुमच्या? केव्हापासून?"

मिस्त्री फडक्यानं पाना पुसू लागला.

"मी पाहिल्या त्या रेघा," साडू म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही ओढत होतात तेव्हा दारातून पाहिल्या. कशासाठी ओढल्यात तेही समजलं. मी मुद्दाम लांब राहिलो, म्हटलं, एकदा तरी खरं काय ते दिसू दे. तुम्ही त्या पुसल्यात. असू दे. मी नाही कुणाला सांगणार. तुमचं गॅरेज आहे, लोकांना कळलं तर कोण गाडी देईल?"

शिवी दिली असती तर मिस्त्रीनं दुप्पट दिली असती. हसला असता तर थोबाड फोडलं असतं. पण ह्या मेजरनं त्याच्यावर दया केली, सपाट तळव्यांच्या, शिक्के मारणाऱ्या माणसानं, आणि ती घशाखाली उतरेना.

जनरेटर पहिल्या फटक्यात चालू झाला. दोघं उभे राहून झाकणाकडे पाहत राहिले. इंजिन तापलं, ऑइल आत उसळ्या मारू लागलं, धुराडं लाल झालं. कडेनं थेंब नाही. पलीकडे धाकटीनं यंत्राचा दिवा लागला म्हणून मोठ्यानं हाक मारली, आणि ती हाक ऐकून साडूच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रीनं ते पाहिलं, आणि पहिल्यांदा त्याला त्यात चेष्टेजोगं काही सापडलं नाही.

दोघं अंड्यांच्या खोलीत गेले. यंत्राच्या काचेमागे ओली, विस्कटलेली पिल्लं कवचाच्या तुकड्यांवर पडत-उठत होती. धाकटी काचेला नाक लावून उभी होती. तिनं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. नवऱ्याचे हात मनगटापर्यंत काळे होते.

"पुन्हा हात लावलात?" ती म्हणाली. "आज? आजसुद्धा?"

साडूनं हात पाठीमागे घेतले. तो बोलणार नव्हताच, शब्द दिला होता ना त्यानं. मिस्त्रीला वाटलं होतं आपण गप्प राहू, चहा पिऊ, घरी जाऊ. पण ते हात पाठीमागे गेलेले त्याला बघवेनात.

"अगं, मीच लावायला सांगितलं," तो म्हणाला. "ऐक. त्यानं आधी कधीच हात लावला नव्हता. पॅकिंग दोन्ही वेळा माझ्याच हातानं फाटलं. माझ्या बोटांना कळत नाही आता. बधिर झालीत. आजचे बोल्ट त्यानं आवळले म्हणून तर गळत नाहीये."

धाकटी त्याच्याकडे पाहत राहिली. मग हळूहळू तिचा चेहरा निवळला, आणि ती हसली. मायेनं हसली.

"भाऊजी, नका हो. किती सांभाळून घ्याल त्यांना?"

"सांभाळून घेत नाहीये. खरं सांगतोय!"

"मला काय तुम्ही माहीत नाही? माझं लग्न झाल्यापासून पाहतेय. चूक ह्यांची आणि निस्तरायला तुम्ही. आज पिल्लं वाचली म्हणून तुमचं मन मोठं झालं, पण आमच्या घरात भांडण नको म्हणून असलं काहीतरी स्वतःवर घेऊ नका. तुमच्या हातून पॅकिंग फाटतं म्हणे! ऐकेल तरी कुणी?"

"अगं बाई, मी बोल्टवर रेघा ओढल्या होत्या! त्या हलल्या नव्हत्या!"

"कुठे आहेत, दाखवा."

रेघा मिस्त्रीनं स्वतःच पुसल्या होत्या. मग तो शेडकडे वळला. "चल, तुझ्यासमोर एक बोल्ट आवळून दाखवतो, बघ कसा..."

धाकटी दारात आडवी आली. "चालत्या जनरेटरला आता कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही. अजून अर्धी पिल्लं आत आहेत."

मिस्त्रीनं साडूकडे पाहिलं. अरे, बोल ना काहीतरी, असं त्याला ओरडावंसं वाटलं. साडू यंत्रासमोर वाकून बसला होता. एक पिल्लू पाठीवर पडून पाय झाडत होतं, त्याच्याकडे पाहत होता.

"बघा," धाकटी नवऱ्याला म्हणाली, "शिका काहीतरी ह्या माणसाकडून."

"हो," साडू म्हणाला, आणि हात धुवायला गेला.